फाटकावरचा पहारा

गोणपाटाचा पडदा मी मलाकलमध्ये पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, पण ऐकून होतो तो लहानपणापासून. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांच्या खात्यात एक सिंधी सहकारी होते, उल्हासनगरला राहणारे. आम्ही भावंडं त्यांना नुसतं काका म्हणायचो. रविवारी ते डोंबिवलीला आमच्याकडे आले, की दोन खोल्यांच्या घरात आईने टांगलेला जुन्या साडीचा पडदा बघून त्यांना दर वेळी तीच आठवण यायची. फाळणीनंतर कराचीहून ते कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात आले तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी होत्या, एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं आणि दोन कुटुंबांमध्ये गोणपाट. पलीकडच्याने कूस बदलली तरी अलीकडे कळायचं, असं काका सांगायचे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. तरी तिथली माणसं पत्ता सांगताना आजही कॅम्प एक, कॅम्प चार असंच म्हणतात.

मी फौजेत गेलो, सव्वीस वर्षं काढली, कर्नल होऊन मुदतीआधी निवृत्त झालो आणि डोंबिवलीला परत आलो. काश्मीर, ईशान्य भारत, पुन्हा काश्मीर. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते निळ्या टोपीतल्या एका वर्षाबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एका फाटकाबद्दल.

२०१३ च्या डिसेंबरात मी दक्षिण सुदानमध्ये होतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या मलाकल इथल्या सेक्टर मुख्यालयात ऑपरेशन्सचं काम पाहणारा लेफ्टनंट कर्नल. देश जेमतेम अडीच वर्षांचा, ९ जुलै २०११ ला जन्मलेला. मलाकल हे पांढऱ्या नाईलच्या पूर्व काठावरचं गाव. आमचा तळ गावाबाहेर, विमानतळाला लागून. तिथली माती आपल्या सोलापूरकडे असते तशी काळी. पावसाळ्यात गाडी रुतली की दोन दोन दिवस निघत नाही, आणि पाऊस संपला की तीच जमीन भेगाळून दगडासारखी होते. गुरं म्हणजे तिथला पैसा, वधूमूल्य आणि अब्रू. आमच्या भारतीय तुकडीबरोबर पशुवैद्यही असायचे. एखाद्या गावात बंदुकीच्या गस्तीला जे कळत नसे, ते गाईच्या जखमेवर औषध लावणाऱ्याला दहा मिनिटांत कळायचं.

१५ डिसेंबरला राजधानी जुबामध्ये अध्यक्षांच्या रक्षकदलातच गोळीबार सुरू झाला आणि काही दिवसांत देश वंशांच्या रेषेवर फाटला. १९ तारखेला अकोबोच्या आमच्या छोट्या तळावर हत्यारबंद तरुणांची झुंड चालून आली. आश्रयाला आलेल्या लोकांना वाचवताना दोन भारतीय सुभेदार गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुमुरुकजवळच्या घातपातात आपले पाच जण गेले होते. अकोबोची बातमी आली त्या रात्री मेसमध्ये कुणी जेवलं नाही. एक सुभेदारसाहेब उठून संत्र्यांच्या मोर्च्यांवर एकेक फेरी मारून आले, तेवढंच.

२४ तारखेला मलाकलमध्ये लढाई पेटली आणि लोक आमच्या फाटकाकडे निघाले. शांतिसेनेच्या वरिष्ठांनी देशभरच्या तळांना एकच सांगितलं होतं: फाटकं उघडा. त्या वेळी हे इतकं सरळ नव्हतं. तळ सैनिकांसाठी बांधलेला. पाणी, शौचालयं, दवाखाना, सगळं हिशोबाने. तिथे पुढच्या काही आठवड्यांत वीस हजारांच्या आसपास माणसं राहायला आली. गाद्या, पातेली, शेळ्या, शिवणयंत्राचा वरचा भाग, खांद्यावर म्हाताऱ्या आया.

गर्दीबद्दल मला जे काही कळतं, ते मी लष्कराच्या कुठल्या कोर्समध्ये शिकलेलो नाही. बारावीपर्यंत दोन वर्षं मी रोज डोंबिवली स्टेशनवरून सकाळची फास्ट पकडून कॉलेजला गेलो. तिथल्या जिन्यावर मला समजलं, की पुढचा थांबला आहे हे मागच्याला कळत नाही, तिथे माणूस चिरडला जातो. दोष ढकलणाऱ्याचा नसतो, त्याला दिसतच नसतं. मलाकलच्या फाटकाशी तेच होत होतं. पुढच्या बायका लोखंडी पट्ट्यांवर दाबल्या जात होत्या आणि शंभर मीटर मागे माणसं आणखी जोराने रेटत होती, कारण गोळ्यांचा आवाज त्यांच्या पाठीशी होता. मी तीन दुभाषे घेतले, लाउडस्पीकर देऊन त्यांना फाटकाशी न ठेवता गर्दीच्या मागच्या टोकाला एका चिलखती गाडीच्या टपावर चढवलं. अरबी, नुएर, शिलुक, ज्याला जी येते त्या भाषेत एवढंच सांगत राहा: रांग पुढे सरकते आहे, सगळ्यांना आत घेणार आहोत. रिकामे कंटेनर आडवे लावून दोन गल्ल्या केल्या, एक आत येण्याची, एक आतल्यांनी बाहेर पडण्याची. अर्ध्या तासात दाब उतरला. माझ्या एका नेपाळी सहकाऱ्याने विचारलं, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली? मी त्याला फलाट क्रमांक सांगितला.

आत यायला दोन अटी होत्या. हत्यार नको आणि गणवेश नको. संध्याकाळच्या सुमाराला एक पोरगा आला. चौदा-पंधराचा असेल. दंडाला गोळी चाटून गेलेली, बाही रक्ताने कडक झालेली, खांद्यावर रायफल. मागे आमचं भारतीय इस्पितळ होतं, डॉक्टर जागेच होते. दुभाष्याने सांगितलं, हत्यार खाली ठेव आणि ये. त्याने विचारलं, परत मिळेल? दुभाष्याने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. जमा झालेलं हत्यार परत देण्याची तरतूदच नव्हती. पोरगा काहीतरी पुटपुटला. दुभाष्या म्हणाला, रायफल त्याच्या भावाची आहे, भाऊ सकाळी गेला. मग तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, आतल्या दिव्यांकडे बघत. आणि वळून गावाच्या दिशेने चालू लागला.

नियम योग्य होता. आजही मी तोच पाळेन. आत तीन-तीन वंशांची माणसं एका कुंपणात होती. एक रायफल आत गेली असती तर पहिला बळी आतच पडला असता, आणि बाहेरच्यांना तळावर चालून यायला निमित्त मिळालं असतं. अकोबो पाच दिवसांपूर्वीचं होतं. पण आपल्या पलटणीत सुट्टीवर जाणारा जवान कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, हत्यार जमा करतो तेव्हा त्याच्या नावाने नोंद होते, त्याला माहीत असतं की ही वस्तू माझी आहे आणि तिचा हिशोब कुणीतरी ठेवतो आहे. त्या पोराला मी दोन ओळींचा कागद द्यायला हवा होता. तुझं नाव, भावाचं नाव, रायफलचा क्रमांक, माझी सही. कायद्याने त्याला काही अर्थ नसता. पण कदाचित तो आत आला असता. हे मला सुचलं ते रात्री दोन वाजता, सिटरेप म्हणजे परिस्थितीचा अहवाल लिहिताना. तोवर गावात पुन्हा गोळीबार सुरू झाला होता.

एनडीएत असताना मी जनरल एस. पी. पी. थोरात यांचं ‘माझी शिपाईगिरी’ वाचलं होतं. खडकवासल्याच्या त्या वयात मला त्यातला ब्रह्मदेशचा भाग आवडला, जिथे १९४५ साली कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटची पलटण नेली. कोरियाचं प्रकरण मी उरकूनच वाचलं. लढाई नाही, तर काय वाचायचं, असं वाटलं असणार. मलाकलच्या त्या आठवड्यांत मला सारखं तेच प्रकरण आठवत राहिलं.

थोरात कोल्हापूरचे. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा एक गाठ सुटत नव्हती: मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं? त्यांना ताब्यात ठेवण्याची जबाबदारी भारताच्या कस्टोडियन फोर्सकडे आली आणि तिचे कमांडर म्हणून मेजर जनरल थोरात गेले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पायच ठेवू द्यायचा नाही असं ठरवलेलं. म्हणून आपल्या पाच हजारांहून अधिक जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे त्यांनी तंबू ठोकून हिंदनगर वसवलं. ताब्यात आलेले कैदी सुमारे २२ हजार ६००, बहुतेक चिनी, बाकी उत्तर कोरियाई, आणि कैद्यांच्या छावण्यांवर खरी हुकूमत आतल्या म्होरक्यांची.

सप्टेंबरात एका चिनी कंपाउंडमध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला पकडून ठेवलं. थोरात मोजके अधिकारी घेऊन स्वतः त्या संतापलेल्या जमावात शिरले. बाहेर त्यांचे जवान हत्यारं रोखून तयार होते. एक हुकूम पुरला असता. त्यांनी बोलता बोलता पाहुणचाराचा विषय काढला, चहा आणि सिगारेट आली, तणाव सैलावला आणि मेजर सुटला. विशीच्या आतल्या मला ही गमतीची हकीकत वाटली होती. बेचाळिसाव्या वर्षी फाटकावर उभं राहिल्यावर कळलं, की त्या चहाच्या पेल्याशी बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल. आपण मेलो तर बाहेरचे जवान गोळी चालवणार, शेकडो कैदी मरणार आणि युद्धविरामच धोक्यात येणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. जीव न घेता मिळवलेलं शौर्यपदक. १९५४ च्या फेब्रुवारीत फोर्स परतली तेव्हा दोन्ही कोरिया आणि चीन यांपैकी कुठेच जायचं नाही म्हणणारे ८८ कैदी भारतीय जवानांबरोबर भारतात आले.

मी मराठा लाईट इन्फंट्रीत कमिशन घेतलं त्या काळात बेळगावच्या मेसमध्ये एकच नाव होतं, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. १९७१ चं वीरचक्र लावलेले, मराठा रेजिमेंटमध्ये वाढलेले नंबियार १९९२ च्या मार्चमध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख झाले. मुख्यालय साराजेव्होत थाटलं आणि त्याच शहरावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. वर्षभराने मुदतवाढ न घेता ते परतले. आम्हा नव्या लेफ्टनंटांना ते कोडं वाटायचं. आपला जनरल जगातली एवढी मोठी जबाबदारी सोडून का आला? पुढे बोस्नियात ‘सुरक्षित क्षेत्रं’ जाहीर झाली. ती राखायला सुमारे ३४ हजार सैनिक लागतील असा अंदाज होता, मंजुरी मिळाली ७ हजार ६०० ना. त्यातल्या स्रेब्रेनित्सात १९९५ साली आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. मोठी जबाबदारी आणि तोकडं सैन्य यांच्यामधल्या दरीत कोण पडतं, हे मला तेव्हा नकाशावर दिसलं आणि मलाकलमध्ये प्रत्यक्ष.

लोकांना वाटतं, शांतिसेनेचा फोर्स कमांडर म्हणजे दहा-पंधरा हजार सैनिकांचा सेनापती. आपल्या फौजेतल्या ब्रिगेडियरच्या शब्दाला जे वजन असतं, ते त्याच्या शब्दाला नसतं, असं मी सांगितलं तर पटत नाही. प्रत्येक देशाची तुकडी आपल्या राजधानीचं ऐकते. हुकूम आला की तिचा कमांडर आधी घरी फोन लावतो. या रस्त्याने जायचं नाही, रात्री गस्त नाही, आमचं काम फक्त तळाची राखण, अशा अटी प्रत्येकाच्या खिशात. गाड्या एका देशाच्या, हेलिकॉप्टर दुसऱ्याचं, ते उडवायची परवानगी तिसऱ्या खात्याकडे, आणि यजमान सरकारने विमानतळ बंद म्हटलं की सगळं ठप्प. माझ्या टेबलावर एका गस्तीसाठी कधी कधी आठ सह्या लागायच्या. त्यात एक गस्त आम्ही नदीकाठच्या एका नाक्यावरून परत फिरवली. नाक्यावरच्या हत्यारबंद माणसांनी रस्ता बंद आहे म्हटलं, आम्ही तीन तास वाटाघाटी केल्या, आणि अंधार पडायच्या आत माघारी आलो. पलीकडच्या गावातून धूर दिसत होता. चार दिवसांनी रस्ता मिळाला तेव्हा त्या गावात गुरं नव्हती आणि माणसंही नव्हती. त्या दिवशी बळ वापरून पुढे जायचं का, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. आमच्या दोन गाड्या आणि बावीस माणसं होती. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

निवृत्त होऊन डोंबिवलीला आल्यावर वर्षभरातच, २०१९ च्या मे महिन्यात, बातमी वाचली: लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर दक्षिण सुदानच्या शांतिसेनेचे फोर्स कमांडर. मराठी नाव आणि जुबा एका ओळीत वाचून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी वर्तमानपत्र घेऊन बाबांच्या खुर्चीशी गेलो आणि त्यांना ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. महूच्या इन्फंट्री स्कूलचे कमांडंट, तीन दशकांहून जास्त नोकरी. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची ओळ वेगळीच होती. ते आधी दोनदा निळ्या टोपीत जाऊन आले होते, १९९६-९७ मध्ये अंगोलात आणि २००८-०९ मध्ये सुदानमध्ये. ज्याने खाली काम केलं आहे त्याला वरचा हुकूम खाली पोचेपर्यंत कसा विरघळतो हे माहीत असतं.

त्यांच्या काळात एक निर्णय असा झाला, की मी आठवडाभर अस्वस्थ होतो. तोवर देशभरच्या तळांच्या आश्रयात सुमारे १ लाख ८० हजार माणसं राहत होती. २०१८ चा शांतता करार झाला होता, २०२० च्या फेब्रुवारीत संयुक्त सरकारही आलं होतं. सप्टेंबर २०२० पासून एकेका छावणीच्या फाटकावरचा शांतिसेनेचा पहारा उठवायला सुरुवात झाली. आधी बोर आणि वाव, मग जुबा, २०२१ मध्ये बेंतियू. छावण्या राहिल्या, पण राखणीची जबाबदारी देशाच्या सरकारकडे गेली. मला ते फाटक सोडून जाणं वाटलं. आपण त्यांना सांगितलं होतं ना, की सगळ्यांना आत घेणार आहोत?

मग शांतपणे विचार केला. फाटकावर खिळलेल्या तुकड्या म्हणजे गस्तीला न गेलेल्या तुकड्या. माणसं आत सुरक्षित असली तरी सरपणाला, पाण्याला, शेतावर बाहेर पडणाऱ्या बायकांवर हल्ले व्हायचे ते कुंपणापासून काही किलोमीटरवर. जिथे भांडण पेटतं तिथे जाऊन तात्पुरते तळ टाकायचे, रस्ते चालते ठेवायचे, हे तिनईकरांच्या काळातलं धोरण मला लष्करी नजरेने बरोबर वाटतं. माझ्या त्या परत फिरलेल्या गस्तीला असा एखादा तळ पलीकडे मिळाला असता तर, असंही मनात येतं. पण ज्या आईने सहा वर्षं त्या निळ्या टोपीकडे पाहून झोप घेतली, तिला हे कुणी आणि कसं समजावलं असेल? ते समजावणं कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं. ते एखादा मेजर, एखादा सुभेदार, एखादा दुभाष्या करतो. मलाकलचं फाटक मात्र राहिलं. तिथे परिस्थिती इतकी नाजूक होती की ती छावणी तेवढी शांतिसेनेच्या पहाऱ्यात ठेवली गेली.

मलाकलहून आलो त्या सुट्टीत मी काकांना भेटायला उल्हासनगरला गेलो होतो. विठ्ठलवाडीला उतरून चालत. काका तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते, पण काठी टेकत मला जुन्या बराकी दाखवायला निघाले. बऱ्याचशा पाडलेल्या, काहींना मजले चढलेले. जीन्सच्या कारखान्यांमधून शिलाई मशीनचा आवाज येत होता. एका कोपऱ्यावर त्यांनी काठीने दाखवलं, इथे फाटक होतं. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत.

मी त्यांना मलाकलच्या छावणीबद्दल सांगितलं. कंटेनरच्या सावलीत लावलेल्या गोणपाटाच्या पडद्यांबद्दल सांगितलं. मग त्या पोराबद्दलही सांगितलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, माझ्या बाबांकडे कराचीच्या घराच्या क्लेमचा एक कागद होता. घर गेलं ते गेलंच, हे त्यांना कळत होतं. पण रोज रात्री तो कागद उशाखाली आहे ना, हे बघून ते झोपायचे."

"काका, मला ते तेव्हा सुचलं नाही."

"हो," ते म्हणाले. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, नेमकं तिथेच, बाहीच्या वर. "त्याचं पुढे काय झालं?"

मी मान हलवली. काका माझा हात धरूनच रस्ता ओलांडायला निघाले.